पेवाचं तोंड

पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल कोठार, उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आमच्या घरात हे इतक्यांदा बोललं गेलंय, की मी ते पहिल्यांदा कधी ऐकलं ते सांगता येणार नाही. तोंडावरची माती कुदळीनं उकरायची, झाकण सरकवायचं आणि बाजूला होऊन बसायचं. तंबाखू मळावी, चहा घ्यावा, पाऊसपाण्याचं बोलावं. बराच वेळ गेला की दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील राशीला टेकेपर्यंत नीट जळत राहिला तर माणूस खाली जाईल. मध्येच विझला तर पुन्हा बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पेव पुन्हा उपसायचं असलं तरी कंदील पहिला.

आण्णा, म्हणजे माझे आजोबा, हरिपुरात एका व्यापाऱ्याची पेवं भरायचं आणि काढायचं काम करायचे. हरिपूर सांगलीला अगदी खेटून आहे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि त्या सगळ्या शिवारात जमिनीखाली हळद. तिथली माती अशी चिवट, की वीस-वीस फूट खाली गेलं तरी कड ढासळत नाही आणि ओलही झिरपत नाही. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, आत मात्र रांजणासारखा पोटाचा घेर. आतून शेणानं सारवायचं, कडेनं पाला-गवत लावायचं आणि हळद ओतायची. पोत्यात भरून ठेवायची नाही, सुटीच ओतायची. गड्डा निराळा, हळकुंड निराळं. वर पुन्हा पाला, मग माती, मग मातीचा उंचवटा. वर्ष जावो, चार वर्षं जावोत, किडा लागत नसे. भाव पडला की पेव बंद, भाव चढला की पेव उघडं. बँका पेवातल्या हळदीवर कर्ज देत. जमिनीत पुरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ढिगावर कर्ज.

किडा का लागत नसे, याचं उत्तर आणि आत लगेच का उतरायचं नाही, याचं उत्तर एकच आहे. बंद जागेतला माल श्वास घेतो. आतला प्राणवायू संपवतो आणि कर्बवायू मागं ठेवतो. किडा त्यात जगत नाही. माणूसही जगत नाही.

आण्णांचे धाकटे भाऊ असेच गेले. माझे वडील तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. पेव उघडलेलं होतं, सांज होत आली होती, गाडी भरायची घाई होती. एक गडी उतरला आणि राशीवर बसला तो उठेना. वरून हाका मारल्या, उत्तर नाही. काकाआजोबांनी विचार केला नाही, त्याला वर काढायला खाली उडी घेतली. दोघंही वर आले ते दोरीनं. आण्णा पुढं पन्नास वर्षं जगले, पण त्या दिवसाबद्दल एवढंच बोलत: “एक पडला म्हणून दुसरा उतरला.” त्यापुढं काही नाही.

माझा भाचा सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर थर्ड ऑफिसर आहे. बहिणीचा धाकटा. सांगलीतल्या शाळेत शिकला, पोहायला कृष्णेत शिकला, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सहलीतून गणपतीपुळ्याला. पहिल्या सुट्टीत घरी आला तेव्हा प्रशिक्षणातलं सांगत होता. होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या त्या प्रचंड खणात, माल असताना सहजासहजी उतरायचं नाही. आधी हवा खेळू द्यायची, मग मीटरनं वर, मध्ये आणि तळाशी प्राणवायू मोजायचा. तो २१ टक्क्यांच्या आसपास भरला तरच पुढचं. कोळसा प्राणवायू खातो, लाकडाच्या गोळ्या खातात, धान्य खातं, लोखंडाचा चुराडा गंजता गंजता खातो. त्यात धान्याला धुरी दिलेली असेल तर फॉस्फीन, हा विषारी वायू. आणि मग म्हणाला, “मामा, सगळ्यात जास्त माणसं कशी जातात माहितीये का? एक जण आत कोसळतो आणि दुसरा त्याला वाचवायला तसाच उतरतो.”

माझी बहीण पोळ्या लाटत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मी तिच्याकडं. त्या पोराला काकाआजोबांची गोष्ट कुणी कधी सांगितलीच नव्हती.

त्या दिवसापासून मी त्याच्या जहाजाबद्दल विचारत सुटलो. मी स्वतः मार्केट यार्डात एका अडत दुकानात तीस वर्षं दिवाणजी होतो. माझा सगळा हिशेब पोत्यांचा. किती नग आले, किती थप्पीला लागले, बारदान किती वजा, तोलाई किती, हमाली किती. शेतकऱ्याची पट्टी करायची ती पोत्यावर. माल पोत्यात गेला की त्याचं मालपण जरा मागं पडतं आणि नग उरतो. पोतं उभं राहतं, आडवं राहतं, त्यावर दुसरं पोतं बसतं. आत काय आहे हे विसरूनही पोतं वाहता येतं. सुट्या मालाचं तसं चालत नाही. त्याचा स्वभाव कळल्याशिवाय त्याला हातच लावता येत नाही, आणि माझ्या आजोबांचं अख्खं आयुष्य ह्या एका जाणतेपणावर गेलं, हे मला साठी जवळ आल्यावर भाच्याकडून कळलं.

२०२१-२२ च्या हंगामात देशातून शंभर लाख टनांहून जास्त साखर बाहेर गेली. पुढं जून २०२२ पासून सरकारनं निर्यातीला लगाम घातला, पण त्या उन्हाळ्यात आमच्या भागातून कोकणाकडं साखरेच्या गाड्यांची रीघ होती. शेजारच्या पोराची गाडी जयगडला निघाली होती, मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. हौद्यात कच्ची साखर, सुटी. पांढरी नव्हे, ओल्या वाळूसारखी तांबूस, मळीचा वास असलेली. वर ताडपत्री करकचून आवळलेली. कोल्हापूर, मलकापूर, मग आंबा घाट. घाटात तो गाडी फार जपून उतरवत होता. मी विचारलं, भरलेल्या गाडीत एवढा काय फरक पडतो? म्हणाला, “काका, पोती बांधली की ती गाडीचीच होत्यात. सुटा माल आपल्या मनानं असतोय.” साखरप्यात चहा प्यालो. हातखंब्यावरून निवळी, निवळीवरून डावीकडं आत जयगडचा रस्ता. बंदराच्या फाटकापाशी गाड्यांची रांग लागली होती. मला आत सोडणार नव्हतेच. खाडीच्या अंगाला लांब जाऊन उभा राहिलो तर धक्क्याला लागलेलं जहाज दिसलं. क्रेनचे हात वर-खाली होत होते. त्यात आपल्याकडच्या कुठल्या कुठल्या शिवारातला ऊस साखर होऊन चालला होता.

मनात हिशेब केला. पन्नास हजार टनांचं जहाज आणि पंचवीस टनांची गाडी, म्हणजे दोन हजार गाड्या. ही जहाजं काही सगळ्यात मोठी नव्हेत. दगडी कोळसा आणि लोहखनिज वाहणारी दीड लाख टनांच्या पुढची असतात. आणि त्या सगळ्यात एकही पोतं नाही.

भाच्यानं फोनवर पुढचं सांगितलं. साखर भरायच्या आधी होल्ड झाडून, समुद्राच्या पाण्यानं धुऊन, पुन्हा गोड्या पाण्यानं धुऊन, कोरडा करून दाखवावा लागतो. आधीच्या फेरीला त्याच होल्डमध्ये कोळसा असू शकतो. तपासणीस येतो आणि भिंतीवरून पांढरं फडकं फिरवतो. फडकं काळं झालं तर पुन्हा धुवा. पावसाचा थेंब आला की हॅचची, म्हणजे होल्डच्या तोंडाची, झाकणं बंद, काम बंद. हे ऐकताना मला पेव भरायच्या आधी आत उतरून सारवणाऱ्या बायका आठवल्या. लहान चणीच्या बायकांना ते काम असे. त्या वर यायच्या तेव्हा केसांना पाल्याचे तुकडे लागलेले असत.

सुट्या मालाचा पहिला स्वभाव म्हणजे त्याचा उतार. खळ्यावर ज्वारी ओतत गेलं की रास एका विशिष्ट उतारावर थांबते. त्याहून उभी होत नाही, दाणे घरंगळून खाली येतात. प्रत्येक मालाचा हा कोन आपापला. गव्हाचा तीस अंशांच्याही आत. जहाज समुद्रात डोलतं, डोलता डोलता रास एका अंगाला सरकली तर जहाज त्या अंगाला कलतं, आणि कललं की रास आणखी सरकते. म्हणून होल्ड काठोकाठ भरायचा किंवा माल सपाट करून घ्यायचा. खनिजाच्या बाबतीतही, ज्याचा कोन ३० अंश किंवा त्याहून कमी, त्याला धान्यासारखंच वागवायचं, असा नियम आहे.

१९५७ साली ‘पामीर’ नावाचं शिडाचं मोठं जर्मन जहाज ब्युनोस आयर्सहून बार्ली घेऊन निघालं होतं. बहुतेक बार्ली सुटी होती, वरून थोडी पोती रचलेली. अटलांटिकमध्ये वादळ लागलं, माल सरकला, जहाज आडवं झालं. त्यावर ८६ जण होते, ६ वाचले. त्यात शिकाऊ पोरं पुष्कळ होती. भाचा पहिल्या फेरीला गेला तेव्हा त्याचंही वय त्याच आसपास होतं, म्हणून हा आकडा माझ्या मनातून जात नाही.

दुसरा स्वभाव ओलाव्याचा, आणि तो जास्त घातकी. लोहखनिजाची भुकटी किंवा बॉक्साईट ओलं असलं तरी हाताला ते घट्टच लागतं. ढीग ढिगासारखा दिसतो. पण इंजिनाची थरथर आणि लाटांचे हेलकावे दिवसरात्र बसत राहिले की कण दबत जातात, मधल्या पाण्याला जायला जागा राहत नाही, आणि एका क्षणी सगळा ढीग पातळ होतो. पाण्यासारखा एका कडेला वाहत जातो. २००९ च्या जुलैत मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’, अशी आपल्याच किनाऱ्यावर लोहखनिजाची भुकटी भरलेली दोन जहाजं बुडाली. दोन्ही वेळा पावसाळा. खनिज उघड्यावर पडून भिजलेलं. २ जानेवारी २०१५ ला व्हिएतनामजवळ ‘बल्क ज्युपिटर’ गेलं. मलेशियातून ४६ हजार टन बॉक्साईट भरलं होतं, भरताना पाऊस चालू होता. १९ खलाशांपैकी एकटा स्वयंपाकी वाचला. बॉक्साईट म्हणजे कुठं परदेशातली वस्तू नव्हे. आपल्या पश्चिमेच्या डोंगरात, शाहूवाडीकडं गेलं की तांबडी माती दिसते, तिच्यातच ते असतं.

आता यासाठी नियम आहेत. सुट्या घन मालाची आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०११ पासून बंधनकारक झाली. कुठल्या मालात किती टक्के ओल चालेल ते प्रयोगशाळेत ठरतं आणि तसा कागद कप्तानाच्या हाती द्यावा लागतो. पण मला त्यातली खरी आवडली ती डब्याची चाचणी. एक लहान डबा घ्यायचा, अर्धा मालानं भरायचा, आणि वीतभर उंचीवरून टणक जागेवर पंचवीस वेळा आपटायचा. वर पाणी सुटलं किंवा माल पातळसर झाला, तर भरू नका, आधी प्रयोगशाळेत पाठवा. वर काही दिसलं नाही म्हणून माल सुरक्षित असं मात्र धरायचं नाही. डबा फक्त धोका सांगतो, भरवसा देत नाही. कोट्यवधी रुपयांचं जहाज, उपग्रहावरून दिशा दाखवणारी यंत्रं, आणि शेवटी एक माणूस धक्क्यावर उकिडवा बसून डबा आपटतोय.

आण्णा हळकुंड कानाजवळ धरून मोडायचे. काडकन् वाजलं, धातूचा असतो तसा आवाज आला, तर वाळलंय. आवाज दबका आला तर ती सगळी गाडी परत उन्हात. व्यापारी कितीही ओरडला तरी ओली हळद त्यांनी पेवात जाऊ दिली नाही. त्यापायी दोनदा काम सुटलं होतं, असं आजी सांगायची.

आणि मग वजन. माझ्या धंद्यातली गोष्ट, म्हणून यावर थोडं जास्त बोलतो.

सुटा माल मोजायचा कसा? खळ्यावर पायलीनं रास मोजताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन. मोजणारा मोठ्यानं म्हणे आणि सगळे ऐकत. ती मोजणी चारचौघांत होई, यातच तिचा खरेपणा होता. माझ्या वडिलांचा ऊस मात्र मोळ्यांनी जायचा, आणि त्याचं वजन आमच्यापैकी कुणाच्याही डोळ्यांसमोर व्हायचं नाही. एका वर्षी आम्ही गाडी आधी खासगी काट्यावर घातली आणि मग कारखान्यावर नेली. दोन वजनांत साडेतीन क्विंटलचा फरक आला. वडील काट्याच्या खिडकीपाशी दोन्ही चिठ्ठ्या घेऊन उभे राहिले. आतल्या माणसानं चिठ्ठी पाहिलीही नाही. म्हणाला, इथला काटा पटत नसेल तर ऊस परत न्या. तोडलेला ऊस कुठं परत नेणार? रोज वाळत जातो. वडील घरी आले आणि त्या रात्री जेवले नाहीत. पुढं आयुष्यभर मी तराजूपाशी उभा राहिलो तेव्हा शेतकऱ्याला काट्यासमोर उभं करूनच आकडा लिहिला. ती रात्र डोळ्यांपुढून कधी हलली नाही.

जहाजाला काटा नसतो. पन्नास हजार टन ठेवणार कशावर? म्हणून जहाजच काटा होतं. भरण्याआधी आणि भरल्यानंतर ते पाण्यात किती बुडालं ते वाचायचं. पुढं, मध्ये आणि मागं, दोन्ही बाजूंनी, अशा सहा ठिकाणी आकडे रंगवलेले असतात. होडीतून फिरून ते वाचायचे, लाट वर-खाली होत असताना मधला आकडा धरायचा. समुद्राच्या पाण्याचा नमुना काढून त्याची घनता मोजायची, कारण खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी मिसळतं आणि जहाज जरा जास्त बुडतं. टाक्यांतलं पाणी, तेल वजा करायचं. इतकं करून अर्धा टक्का इकडंतिकडं होतोच. पन्नास हजार टनांवर अर्धा टक्का म्हणजे अडीचशे टन, दहा गाड्या साखर. पण आकडे वाचताना विकणाऱ्याचा माणूस, घेणाऱ्याचा माणूस आणि जहाजाचा अधिकारी एकत्र असू शकतात, प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतं. भाचा हे सांगत होता तेव्हा मला वडिलांच्या हातातल्या त्या दोन चिठ्ठ्या दिसत होत्या. तीन माणसं एका होडीत बसून एकच आकडा वाचतात, हे त्यांना कुणी दाखवायला हवं होतं.

आपल्याकडं सुटं धान्य जहाजानं येणं ही नवी गोष्ट नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून मिलो ज्वारी आली. तांबडी, जाड, भाकरी थापताना तुटणारी. मी सात वर्षांचा होतो, रेशनच्या रांगेत पिशवी धरून उभा राहिलेलो आहे. वडिलांचे एक चुलतभाऊ मुंबईत गोदीत होते. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांतला एखादा तरी मुंबईला माथाडीत नाहीतर गोदीत असायचाच. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील पाटण भागातलेच, आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला तो ह्या माणसांच्या पाठीवर. ते चुलते सांगत, परदेशी धान्य बोटीत सुटं यायचं आणि धक्क्यावर त्याची पोती व्हायची. भरायची, शिवायची, पाठीवर घ्यायची. त्या काळी पोतं शंभर किलोचं. त्यांना उताणं झोपता येत नसे. कुशीवर झोपत, भिंतीकडं तोंड करून. आता पोतं पन्नासवर आलं आणि बराच माल तर पोत्याविना क्रेननं जातो. सुट्या मालानं त्यांच्या पाठी वाचवल्या आणि त्यांच्या नातवंडांची कामंही नेली. ह्या दोन्हींचं वजन एका काट्यावर मला करता येत नाही. त्यांची पाठ मी पाहिलेली आहे, त्यामुळं पोत्यांचे दिवस परत यावेत असं मात्र मी कधीच म्हणणार नाही.

हरिपूरच्या पेवांचा शेवट पाण्यानं केला. २००५ च्या पुरात नदी शिवारात शिरली आणि पेवांची तोंडं पाण्याखाली गेली. वर्षानुवर्षं ओल आत न घेणाऱ्या त्या मातीच्या वरून पाणी आलं. पूर ओसरल्यावर उघडलेल्या पेवांचा वास गावात दिवसेंदिवस होता. हळदीचा वास एवढा वाईट असू शकतो हे तेव्हा कळलं. आण्णा तेव्हा नव्हते, याचं मला बरं वाटतं. व्यापारी गोदामांकडं, शीतगृहांकडं वळले. हळद पोत्यात गेली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा यार्डात पेढे वाटले, पण जमिनीखाली काही फारसं उरलं नव्हतं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. त्यानंतर बऱ्याच पेवांची जागा नुसती खोलगट दिसते.

भाचा गेल्या सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, मामा, मला पेव दाखवा. मोटारसायकलवरून गेलो. देवळात पाया पडून मळ्याकडं वळलो. ओळखीच्या एका शेताच्या बांधाला एक पेव अजून उघडं आहे, भोवती काटेरी झुडपं वाढलीत. तो तोंडाशी गेला, पण समोरून गेला नाही. वाऱ्याचा अंदाज घेऊन बाजूनं गेला आणि दोन हात लांब थांबला. आत बघायला वाकला नाही. मी त्याला हे काहीच सांगितलेलं नव्हतं.

“किती वेळ उघडं आहे हे?”

मी म्हणालो, पुरापासून. पंधरा-वीस वर्षं झाली असतील.

तरी त्यानं मोबाईलची बॅटरी लावली, हात लांब करून आत धरली आणि तळ दिसतोय का ते पाहिलं. तळाशी थोडं पाणी होतं आणि कुजलेला पाला. “मामा, जड वायू खालीच राहतो,” तो म्हणाला, “वरून उघडं असलं तरी.” मग उठला, बांधावरच्या दोन वाळल्या बाभळीच्या फांद्या ओढत आणल्या आणि तोंडावर आडव्या टाकल्या. शेतात पोरं खेळत होती, त्यांना हाक मारून लांब राहायला सांगितलं. मी तिसरी फांदी आणायला गेलो.